मामाजी बसले की पेटणारा दिवा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नवी गाडी घेतली आणि तिच्या बिघाडाचं कारण म्हणून मी चक्क सासऱ्यांना धरलं! हसू नका. आधी चहा घ्या, मग ऐका.

मी बुलढाण्याला कोर्टात कारकून. गाडी दारात आली तेव्हा शेजारी म्हणाले, लिंबू-मिरची बांधा. मी तिथंच त्यांना विज्ञानावर भाषण दिलं. चांगलं लांबलचक!

आणि पहिल्याच रविवारी स्टिअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला. सुट्टी मिळून शनिवारी शोरूमला न्यावं, तर दिवा गायब.

"कुठं आहे सर दिवा?"

"रविवारी होता हो!"

"मंग पेटल्यावर आणा."

पेटायचा रविवारी. रविवारी त्यांचं बंद! आता काय, गाडीला समजावू?

मग मीच शोध लावला. दर रविवारी आम्ही उंद्रीला जाऊन मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जेवायला घेऊन यायचो. ते पुढं बसोत की मागं, दिवा पेटायचाच. एका रविवारी ते कुठल्या लग्नाला गेले, आमची उंद्रीची फेरी हुकली, आणि दिवा पेटला नाही! अजून काय पुरावा पाहिजे?

त्यात धाकट्या मेव्हणीची, वैशालीची, सोयरीक जुळत आली. बोलणी करायला सगळ्यांनी संग्रामपूरला जायचं होतं. एवढा लांबचा रस्ता, आणि गाडीत मामाजी! मी फोन लावला.

"मामाजी, तुमी एसटीनं या ना. खिडकीत मस्त हवा लागते."

पलीकडून हळूच, "काऊन हो जवाईबापू? माह्या अंगाले तंबाखूचा वास येते काय?"

"नाही हो, तसं नाही!"

"मंग?"

काय सांगणार? तुम्ही बसलात की इंजिन घाबरतं? मी घाईनं फोनच ठेवून दिला. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. घेणारच ना!

बायकोला, सुनंदाला, कळलं आणि घरात स्फोट झाला. "माह्या बाबाले एसटीत बसवता? मंग मीबी एसटीनंच येतो, वैशालीबी. तुमी जा एकटे, त्या दिव्याले घेऊन!"

झाली माघार! निघालो त्या दिवशी मामाजी वैशालीला घेऊन उंद्रीच्या फाट्यावर उभे. पांढरं शुभ्र धोतर, अत्तराचा घमघमाट, आणि तोंडात तंबाखू नाही. जवाई काय म्हणेल म्हणून माणसानं तंबाखू सोडली होती हो! बसायच्या आधी त्यांनी सीटवर कोरा टॉवेल अंथरला.

"नवी गाडी हाये, खराब नको व्हायले."

मला तर तोंड कुठं लपवावं कळेना. आणि खामगाव ओलांडलं नाही तोच, पिवळा दिवा!

संग्रामपूर जवळ आलं तरी पठ्ठ्या विझेना. शेवटी राहवलं नाही. गाडी थांबवली.

"मामाजी, एक मिनिट उतरता काय?"

बिचारे उतरले. दिवा तसाच.

"थोडे लांब जा."

गेले. दिवा तसाच.

"अजून थोडे!"

शुभ्र धोतरातले मामाजी कपाशीच्या वावरात शिरले, आणि नेमके तेव्हाच मोटारसायकलवर नवऱ्या मुलाचे काका आले. आम्हाला घ्यायला!

"काय हो, पाव्हण्याले वावरात काऊन उभं केलं?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "आमच्या साहेबायले वाटते, माहे बाबा बसले का गाडीचा दिवा पेटते!"

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की वाटलं सोयरीक तिथंच मोडली. वैशालीनं डोळ्यांवर पदर घेतला. तेवढ्यात वावरातून परतलेले मामाजी गाडीमागून ओरडले, "जवाईबापू, इकडं पेट्रोलचा वास येऊन राह्यला!"

पाहतो तर काय! टाकीचं झाकण नुसतं टेकवलेलं. आटे बसलेलेच नाहीत. झाकण सैल राहिलं की टाकीतली वाफ सुटते आणि तोच दिवा पेटतो, हे मला नंतर कळलं!

आता विचारा, टेकवलं कुणी? पंपावरचा माणूस नव्या रंगावर ओरखडा पाडेल म्हणून त्याला मी हातच लावू देत नव्हतो. स्वतः उतरून, दोन बोटांनी, बाळाला टोपडं घालावं तसं झाकण ठेवायचो. पेट्रोल भरायचो चिखलीच्या पंपावर, उंद्रीला जाताना. म्हणजे दर रविवारी, आणि त्या दिवशीही! मग सोमवारी गाडी पुसताना झाकण आपोआप आवळलं जायचं, म्हणून शनिवारपर्यंत दिवा विझलेला.

झाकण करकचून आवळलं. पुढं दोन-चार दिवसांत दिवा विझला, तो विझलाच. पण माझी सुटका इतक्यात कुठली?

बैठक बसली. काका तोवर माझा पराक्रम घरभर सांगून मोकळे झाले होते. पोहे झाले, मुलाकडचे म्हणाले, "पोराले काही विचाराचं असन तर विचारा." सगळ्यांना वाटलं, मामाजी आता नोकरीचं विचारतील, शेतीचं विचारतील.

मामाजींनी घसा खाकरला. एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मुलाला म्हणाले, "बाकी काही नाही, बापू. झाकण घट्ट लावता येते ना तुमाले?"

सगळी बैठक हसून लोळायला लागली. काकांच्या बशीतला चहा सांडला. मुलगा बिचारा गोंधळून माझ्याच तोंडाकडं पाहत राहिला. त्याला वाटलं असेल, मोठे जवाई आहेत, ह्यांच्याकडूनच शिकून घ्यावं!