ताईची न कळलेली वीज

‘‘मॅडम नहीं रहीं,’’ ताईच्या ऑफिसमधून कोणीतरी फोनवर म्हणालं, आणि सी-स्कीम भागातल्या माझ्या बँकेत बसून मी विचारलं, ‘‘कौनसी मॅडम?’’ माझी सख्खी थोरली बहीण, वसुधाताई... सकाळीच तर आईच्या गोळ्या आणायला तिनं बजावलं होतं. मग हृदय कधी थांबलं? महिना होत आला, मला अजून संगती लागत नाही.

ताई इलेक्ट्रिकल इंजिनिअर. छतावरच्या सोलरचे इन्व्हर्टर सेट करायची. गेल्या उन्हाळ्यात चाकसू गावच्या एका तेलमिलचा इन्व्हर्टर ऐन दुपारी बंद पडत होता. लाइनचं व्होल्टेज चढायचं आणि तो स्वतःला लाइनपासून तोडून घ्यायचा. मालक भंवरलालजी म्हणाले, ‘‘लिमिट बढ़ा दो, बात ख़त्म.’’ व्होल्टेजची ती मर्यादा वाढवायला ताईनं नकार दिला. मग त्यांनी काम काढून घेतलं.

‘‘करून टाकायचं ना!’’ मी जेवताना म्हणालो.

‘‘आणि मिलच्या मागच्या गल्लीतले पंखे जळले तर? अरे, रिॲक्टिव्ह पॉवर म्हणून असते. नुसती जा-ये करते, तिच्यानं काही काम होत नाही. पण व्होल्टेज चढलं की इन्व्हर्टरनं ती थोडी ओढून घ्यायची, मतलब व्होल्टेज खाली येतं. तेवढं सेटिंग करायचं.’’

‘‘काम करत नाही, तरी उपयोगी?’’

‘‘तुझ्यासारखी,’’ ती हसली. मला काहीच कळलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात भंवरलालजी मालवीय नगरच्या आमच्या घरी आले. दुसऱ्या कोणाकडून त्यांनी लिमिट वाढवून घेतली होती, आणि गल्लीतले पंखे, फ्रिज खरंच जळले होते. ‘‘मॅडमजी को बुला दीजिए, जैसा वो कहें,’’ ते म्हणाले. त्यांना माहीतच नव्हतं! मी सांगितलं, तर ते हातातली मिठाई कुठे ठेवावी ते न कळून उभेच राहिले.

शेवटी ताईच्या सहकारी मीनाक्षीजींनी लिमिट पूर्ववत करून ताईनं म्हटलेलं सेटिंग केलं. मीही चाकसूला गेलो. भर दुपारी मिल चालू राहिली. भंवरलालजींनी मला विचारलं, ‘‘मॅडमजी देखतीं तो खुश होतीं ना?’’

मी गोंधळलो. मग ताईच मनात बोलल्यासारखं तोंडून निघालं, ‘‘पहले पूछतीं, उन पंखों का क्या किया?’’

भंवरलालजींनी पायात चपला सरकवल्या आणि ते मागच्या गल्लीकडे चालू लागले. पहिल्या दारावर त्यांनी थाप मारलेली मला ऐकू आली. कोणाचं काय बिघडेल, हे आधी विचारायची ताईची सवय... ती आता कोणाकडे गेली, तेही मला नीट कळलेलं नाही.