सासूबाईंचा तिमाही पास

चि. रेवा आणि चि. ओम,

तिकडे रेल्वेचं सवलतीचं कार्ड काढायचं आहे, कोणतं घेऊ, असं तुम्ही बाबांना फोनवर विचारलंत म्हणे. त्याने उत्तर दिलं, "आजीला विचारा, ती त्यातली तज्ज्ञ आहे," आणि हसत फोन ठेवला. हसण्याचं कारण त्याने सांगितलं नसणार. त्या प्रकरणात तो स्वतः सामील होता, वय वर्षं दोन. म्हणून मीच लिहिते.

माझ्या सासूबाईंना तिमाही पास काढून देणं, हा मी आयुष्यात घेतलेला सर्वांत विचारपूर्वक निर्णय होता.

आम्ही तेव्हा चिंचवडला कामगारांच्या कॉलनीत राहत होतो. तुमचे आजोबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी शाळेत असताना सुधीरला, म्हणजे तुमच्या बाबांना, सासूबाई सांभाळत. अडचण एवढीच, की त्यांचा जीव कामशेतच्या घरात अडकलेला. महिन्यातून एकदा त्या तिकडे जात आणि चार-पाच दिवस परतत नसत. "एवढं तिकीट काढून जायाचं आन् लगीच माघारी फिरायचं व्हय?" हा त्यांचा सवाल असे. तितके दिवस माझी रजा पडे. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं, की आणखी एकदा अशी रजा पडली तर वर्ष संपल्यावर त्या दुसरी शिक्षिका बघतील.

पुणे-लोणावळा लोकल नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी स्टेशनवर जाऊन साधं तिकीट, मासिक पास आणि तिमाही पास अशी तिन्हींची चौकशी केली, घरी येऊन हिशेबाच्या चौकटी आखल्या, आणि मला युक्ती सुचली.

"अहो, पास असला की येताना तिकीट लागत नाही," मी आजोबांना समजावलं. "म्हणजे मुक्काम करायचं कारणच उरत नाही. आई संध्याकाळी परत येतील."

"आणि जाताना?"

"जातानाही लागत नाही."

"मग झालं," असं म्हणून ते शिफ्टला गेले. (दूरदृष्टीचा मनुष्य. पण स्पष्ट बोलायचा कंटाळा.)

सासूबाईंनी पास हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो तीन म्हैनं चालतो?"

"हो."

"रोज ग्येलं तरी?"

"हो, पण आई, रोज कशाला जायचं?"

"न्हाई, इचारलं."

रविवारी त्या सकाळी गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. मी आजोबांकडे असं पाहिलं, जणू रेल्वे मीच बांधली होती.

सोमवारी शाळेतून आले, तर दाराला कुलूप. शेजारच्या शांतावहिनींनी किल्ली पुढे केली. "आजी कामशेतला गेल्यात. बाळालाबी नेलंय."

संध्याकाळी दोघं उगवली. सुधीरच्या अंगावर गाडीतली सगळी धूळ आणि चेहऱ्यावर परम समाधान.

"आई, कालच तर जाऊन आलात."

"व्हय. पर आज त्यो पास घरी बसून काय करणार व्हता? पैसं तर आजचंबी भरल्यात."

"आणि सुधीर?"

"त्याला कुठं तिकीट हाय? त्यो फुकाट हाय."

मंगळवारी त्या गेल्या. बुधवारीही गेल्या. गुरुवारी अंगात कणकण होती, तरी गेल्या. कारण घरी पडून राहिलं असतं तर ताप आणि तोटा दोन्ही सोसावे लागले असते.

पंधरा दिवसांत सुधीरची स्टेशनं पाठ झाली. कुणी शिट्टी वाजवून हिरवा रुमाल हलवल्याशिवाय तो घास गिळेना. (आमच्याकडे हिरवा रुमाल नव्हता. आजोबा माझ्या जुन्या ब्लाऊजची बाही हलवत.) मग सासूबाई येताना गावाकडची वांगी, तांदूळ, दही आणू लागल्या, आणि कॉलनीला त्याचा सुगावा लागला. मी शाळेतून दमून येई, तर ओट्यावर बायका उभ्या.

"मॅडम, आजींना आंबेमोहोर सांगाल का?"

"मॅडम, परवाचं दही आंबट निघालं हो."

एके दिवशी सासूबाईंच्या पिशवीतून चक्क जिवंत कोंबडी बाहेर आली. ती शांतावहिनींची होती, पण रात्रभर राहिली आमच्या मोरीत. मी सकाळी दात न घासताच शाळेत गेले. मी इतकी थकले होते, की वर्गात हजेरी घेताना एका मुलीला "वांगी मिळाली का?" असं विचारलं.

आणि मग तपासणीचा आदला दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि माझ्याच वर्गावर बसणार होते. दिवेलागण झाली, तरी सासूबाई आणि सुधीर आले नव्हते. आजोबा सेकंड शिफ्टला. मी तशीच, हाताला कणीक लागलेली, स्टेशनवर धावले. कुणीतरी म्हणालं, वायर तुटलीय, पुण्याकडे येणारी लोकल तळेगावात अडकलीय. समोर लोणावळ्याकडे जाणारी गाडी सुटत होती. मी तीत चढले.

देहूरोड गेल्यावर लक्षात आलं, की पर्स घरी आहे. आणि नेमके तेव्हाच टीसी आले.

"तिकीट?"

घाबरले की मी इंग्रजी बोलते. मी त्यांना सविस्तर, शुद्ध इंग्रजीत परिस्थिती समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, इंग्रजी बोलणाऱ्यांना तिकीट माफ नाही. तळेगावला उतरा माझ्याबरोबर."

सगळा डबा माझ्याकडे पाहत होता. त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील होते. त्यांनी अदबीने नमस्कार केला.

तळेगावच्या फलाटावर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर सुधीर झोपलेला. शेजारी एक हमाल आणि दोन दूधवाले त्यांच्या पिशवीतली भाकरी-चटणी खात होते.

"मावशी, अजून इथंच?" टीसींनी विचारलं.

"गाडी कुठं हलतीय, भाऊ." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अगं बया. तू हिकडं?"

"ओळखता यांना?"

"माजी सून हाय. साळंत मास्तरीण."

"विनातिकीट आहेत."

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कनवटीची पुरचुंडी सोडली, दंड भरला आणि टीसींना बजावलं, "पावती द्या. नाव नीट ल्हिवा तिचं."

"मावशी, सुनेलाही एक पास काढून द्या," जाता जाता टीसी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीची तपासणी पार पडली. साहेबांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं.

तीन महिने संपले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला. "आई, आता पास पुरे. गरज असेल तेव्हा तिकीट काढू."

"बरं," त्या म्हणाल्या आणि लुगडी पिशवीत भरू लागल्या. "मंग मी गावीच ऱ्हाते. तिकीट काढून कोन रोज येनार?"

नोकरी कायम व्हायला अजून अर्धं वर्ष होतं. मी त्याच संध्याकाळी खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिले. पुढेही राहत गेले. सुधीर शाळेत जाऊ लागला, मी कायम झाले, तरी तिमाही पास चुकला नाही. चौकटी मात्र पुन्हा आखल्या नाहीत.

तेव्हा मुलांनो, कार्ड तुम्हाला वाटेल ते घ्या. फक्त घरात कुणाच्या हाती पडेल, त्याचा आधी विचार करा.

सासूबाई गेल्या, ती कॉलनीही पाडली. तुमचे बाबा अजून गाडी हलली की झोपतात. आणि पासाचं हिरवं रेक्झिनचं पाकीट माझ्या कपाटात आहे. त्यात पास नाही. सासूबाईंनी शेवटपर्यंत जपलेली दंडाची पावती आहे, आणि तिच्यावर माझं नाव नीट लिहिलेलं आहे.