हौसाक्काच्या डोळ्याचा पैरा

"कॉर्नियल अल्सर आहे," कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे बुबुळावरची जखम. उसाचा पाला काढताना पात माझ्या डोळ्यात लागली होती आणि जखमेत बुरशी धरली होती. त्यात मी दुकानातून विचारून आणलेले थेंब घातले आणि दुखणं आणखी चिघळलं. तुम्ही असला शहाणपणा करू नका.

उपचार म्हणजे दर तासाला थेंब. सूनबाईनं ते झोपमोड करूनही घातले. रानातलं माझं काम पैऱ्यातल्या बायकांनी उरकलं. पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. आमच्या वडगाव भागात तो अजून चालतो. माझा डोळा वाचला.

तपासणीला आमच्याच गावची हौसाक्का यायची. एकटी बाई, दुसऱ्याच्या रानात, आमच्याही, रोजानं जाणारी. तिलाही पातच लागलेली, औषधही तेच. तिचं बुबुळ मात्र दर खेपेला जास्तच पांढरं दिसायचं.

"थेंब वेळेवर घालत नाही ही," डॉक्टर वैतागल्या.

बाहेर आल्यावर हौसाक्का म्हणाली, "थेंब घालाय सारखं काम सोडून बांधावर जातो म्हटलं, तर उद्या मला बोलवंल कोण, वैनी?"

मला संताप आला, पण तो काढावा कुणावर तेच कळेना. आजारात जपायला तिला पैराही नव्हता. पैऱ्याला स्वतःचं रान लागतं.

तिची त्या डोळ्याची नजर गेली. आता बुबुळ बदलायचं ठरलं. "नंतर कितीतरी महिने थेंब घालावे लागतील. घरी कोण आहे?" डॉक्टरांनी हौसाक्काला विचारलं. मीच म्हणाले, "आम्ही आहोत."

गावात आल्यावर बायकांची कुरकुर झालीच. "तिला रान न्हाय. पैरा फेडणार कशानं?"

"नजर आली तर फेडंल की!" मी ओरडलेच.

शेवटी ठरलं. एकीनं तिच्या जागी रोजगाराला जायचं, पगार तिला द्यायचा आणि दुसरीनं थेंब घालायचे.

ऑपरेशन झालं. नजर किती येईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पैऱ्यातल्या बायकांचे उपकार मी विसरणार नाही.

आज थेंबांची पाळी माझी होती. मी बाटली उघडली तशी हौसाक्का पडल्या पडल्या कडाडली, "आदी हात धुवा की!"

आमच्या रानात ती इतकी वर्षं राबली, पण तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी मुकाट्यानं मोरीकडं गेले.