कागद मोठ्यानं वाचायला लावणाऱ्या प्रमिलाताई

पंचाहत्तरीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ प्रमिलाताई लघाटे यांना मुळीच पसंत नाही. "तेवढ्या वेळात चार फायली वाचून झाल्या असत्या," असं त्या परवाच मला म्हणाल्या. तरीही मी लिहितो आहे. त्यांच्याविषयी सांगायचं तर मला माझी एक चूक कबूल करावी लागते, आणि ती मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही.

ताईंना मी प्रथम पाहिलं ते आमच्या कचेरीत. मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या एका सरकारी समितीकडे मी टंकलेखक आहे. कामाच्या किंवा लग्नाच्या नावाखाली फसवून आणलेल्या, विकलेल्या मुली पोलीस आमच्यासमोर हजर करतात. ताई बनारसच्या दुर्गाघाटावर राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. मुलींजवळ बसायला कुणी हवं असेल तर मी येत जाईन, असं त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आणि लाकडी कंगवा. मुलीचे केस विंचरून वेणी घातल्याशिवाय तिला एकही प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. आमचे साहेब वैतागत. मीही वैतागे, कारण जबाब टंकण्यासाठी मी ताटकळत बसलेला असे.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. कायदा आहे, पोलिसांचं खास पथक आहे, मदतीचा फोन आहे, स्टेशनावर फलक आहेत. मुलगी परभाषेतली असेल तर दुभाषा बोलवावा, हेही लिहून ठेवलेलं आहे. पण दुभाषा बोलवायला दिवस जातो आणि हुकूम दुपारी हवा असतो. त्या घाईत काय होतं, ते सुमीच्या वेळी मी पाहिलं. सुमी हे तिचं खरं नाव नव्हे.

दोन दिवस पोलिसांकडे असलेली ही मुलगी आमच्याकडे आली तेव्हा बाहेर व्हरांड्यात तिचा 'नवरा' उभा होता. त्याच्या हातात हार घातलेला फोटो आणि तिचं वय एकोणीस दाखवणारा कागद. शिपायाच्या अहवालात लिहिलं होतं की मुलीनं विचारल्यावर सांगितलं, 'खुद आई', म्हणजे आपणहून आले. "लड़की खुदै कहत हौ, बाबूजी," मुलगी स्वतःच सांगतेय, असं शिपाई मलाही म्हणाला. मी ते स्वच्छ टंकलं. समितीची सही झाली की मुलगी त्या माणसाबरोबर जाणार होती.

आतल्या खोलीत ताई तिचे केस विंचरत होत्या. गुंता ओढला गेला आणि मुलगी कळवळली, "आई गं."

ताईंचा हात थांबला. त्यांनी हळूच विचारलं, "कुठली गं तू, बाळा?" दोन दिवस मुकी वाटणारी ती मुलगी पुढं तासभर बोलत होती. परभणीकडचं खेडं, पंधरावं वर्ष, कामाला लावते म्हणून घेऊन आलेली एक बाई. हिंदीचा तिला गंध नव्हता.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. "अरे दिगंबर, काय लिहिलंयस ते जरा मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "खुद आई."

"घरी तू आईला काय म्हणतोस?"

मी कागदावरचा तो शब्द पुन्हा वाचला. आमची चौथी पिढी बनारसात. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. कचेरीच्या खुर्चीत बसलो की माझे कान आपोआप हिंदी होतात. 'खुद आई?' असं शिपायानं विचारलं तेव्हा त्यातला तिच्या ओळखीचा शब्द एकच होता. आईबद्दल विचारताहेत असं वाटून ती मान हलवत "आई, आई" म्हणत राहिली. शिपायाला मराठी येत नव्हतं. मला येत होतं.

ताई समितीपुढं गेल्या आणि म्हणाल्या, "ये आई हुई नहीं है साहब, ये माँ को बुला रही है." साहेबांनी पेन खाली ठेवलं. शाळेच्या दाखल्यावरून खरं वय निघालं, व्हरांड्यातला माणूस गजाआड गेला, चौथ्या दिवशी मुलीची आई गाडीनं आली. मुलीला फसवून आणणारी बाईही सापडली, पण त्या बाईच्या मागचे हात अजून सापडलेले नाहीत.

मला वाटलं, सुटलो. ताई म्हणाल्या, "मागचे कागद काढ."

त्या वेळी मला त्यांचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझी आई तेव्हा आजारी होती. ताई सकाळी आमच्याकडे येऊन तिला पेज भरवत आणि दुपारी मला फायली उपसायला लावत. त्यात एक कागद निघाला. 'पूछने पर आई, आई ही कहती रही. स्वयं आना स्वीकार किया.' खाली टंकणाऱ्याची सही माझी. ती मुलगी सहा महिन्यांपूर्वीच एका 'नातेवाइका'च्या हवाली झाली होती. त्याचा पत्ता खोटा निघाला.

तेव्हापासून दर सोमवारी ताई पोलिसांच्या पथकाकडे जाऊन त्या मुलीची चौकशी करतात. पाच अधिकारी बदलले. आताच्या अधिकारी बाई ताईंना पाहून उठून उभ्या राहतात, खरंच धडपडतातही, पण सांगण्यासारखं अजून काही मिळालेलं नाही. आमच्याकडे आता प्रत्येक जबाब सहीआधी मुलीसमोर मोठ्यानं वाचला जातो. हा प्रघात नियमात नव्हता, ताईंनी तो पाडला. वाचताना प्रत्येक 'आई'पाशी मी अडखळतो. नवे लोक हसतात.

आमच्या गल्लीतून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे दिवसभर माणसं जात असतात, आणि इथं पिकल्या वयाला लोक मुक्ती चिंतितात. मी ती चिंतणार नाही. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे घाटाच्या पायऱ्यांना पुरून उरोत आणि कान असेच शाबूत राहोत. यात माझा स्वार्थ आहे. न सापडलेली ती मुलगी कुठंतरी अजून तोच शब्द म्हणत असेल, आणि माझ्या कानांवर माझा अजून भरवसा नाही.