आंतिओगाआजीची वाट

शुक्रवारी सकाळी आंतिओगाआजी घरात नव्हती. तिचे बूट मात्र दारातच होते.

तिचा नातू बाकिस तसाच बाहेर पडला. गेल्या हिवाळ्यापासून आजीला जेमतेम उजेड तेवढा कळत होता.

ती कुठे गेली असेल, हे त्याला ठाऊक होतं. उद्या पहाटे गावातले पुरुष तारणाऱ्या देवाची मूर्ती घेऊन अनवाणी पळणार होते. थेट सान साल्वातोरे गावापर्यंत. तिथल्या देवळाखाली देवळाहूनही जुनी विहीर आहे. त्या मातीच्या वाटेवरचे गोखरूचे काटे आदल्या दिवशी आजी वेचायची. चाळीस वर्षं आजोबांसाठी. यंदा आजोबा नव्हते. बाकिस पहिल्यांदाच पळणार होता.

खाजणाच्या वळणावर बोइक्कूकाकाचा ट्रॅक्टर अडकून पडला होता.

"ने बाबा तुझ्या आजीला! म्हणते, वाटेची उजवी बाजू वेचून होईपर्यंत थांब."

आजी अनवाणी चालत होती. पाऊल टेकवायची, थांबायची, तळव्यातून काटा काढून डब्यात टाकायची.

"आजी!"

"ओरडू नकोस. पक्षी उठतील."

उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून उभे होते.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"डोळ्यांना दिसत नाहीत. पायांना कळतात."

बाकिसने तिला वाटेकडेच्या दगडावर बसवलं. थार्रोसच्या पडक्या शहरातून कुणीतरी कधीकाळी आणलेला खांबाचा तुकडा होता तो. तिचा पाय मांडीवर घेऊन तो काटे काढू लागला. टाच रक्ताळली होती.

"तुझ्या आजोबांना एकदाही रुतला नाही," आजी म्हणाली.

दर वर्षी पळून आल्यावर आजोबा होडीआड सुईने तळव्यातले काटे काढत बसत. तिला सांगू नकोस हं, बाकिसला म्हणत. बाकिसने टाचेतला शेवटचा काटा उपसला. त्याने स्वतःचे बूट काढले.

"घाल ते," आजी म्हणाली. "तुझे पाय उद्या लागणारेत."

"आणि तुझे?"

"माझे कुठे पळणारेत?"

त्याने बूट घातले. तिला घरी न्यायचं तो ठरवून आला होता. त्याऐवजी त्याने काट्यांचा डबा उचलला.

"किती राहिली वाट?" आजीने विचारलं.

"दोन किलोमीटर."

"मग ऊठ."

बाकिस पुढे वाकून वेचत निघाला, मागे आजी, तिच्यामागे बैलाच्या चालीने ट्रॅक्टर. त्याच्याकडून एखादा सुटला की मागून आवाज यायचा,

"आंधळा आहेस का रे?"