लोखंडावरचा संशय

वादात हरल्यावर समोरच्याला मिसळ खायला घालणारा माणूस मी कोल्हापुरात एकच पाहिला, आमचे आप्पाकाका. जिंकले की मात्र ते हिरमुसायचे. "आज नवीन काय कळलं न्हाय की," म्हणायचे. मी पडलो कॉमर्सवाला. त्या मिसळीवर मला कधी हक्कच सांगता आला नाही.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून काका निवृत्त झाले आणि कोडोलीच्या आमच्या गुऱ्हाळात जाऊन बसू लागले. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं ते रस उकळायच्या काहिलीच्या लोखंडामुळं, हे त्यांचं जुनं मत. म्हणून रसाचं एकेक आधण उतरलं की काहील घासून घ्यायला लावत. गूळ खरंच जास्त टिकू लागला. आम्ही सगळे खूश, काका तेवढे अस्वस्थ. घासल्यानं लोखंडाचा दोष गेला, की आणखी कशाचा, हे त्यांना कळत नव्हतं.

गेल्या हंगामात, डॉक्टरांनी हात टेकलेले असताना, त्यांनी मुद्दाम स्टीलची काहील करून घेतली. दोन्ही काहिलींत न घासता लागोपाठ आधणं घेतली आणि शेवटच्या गुळाची एकेक ढेप घरात फळीवर ठेवली. लोखंडातली पाझरली आणि स्टीलमधली कोरडी राहिली, तर मत खरं.

भर पावसाळ्यात काका दवाखान्यातून घरी आले. लोखंडातली ढेप पाझरलेली, स्टीलची खडखडीत कोरडी. त्यांना रडूच फुटलं. मी पेढे आणायला धावलो. तेवढं मला जमतं. परत येतो तर त्या कोरड्या ढेपेचा खडा काकांच्या तोंडात आणि नजर काकूंवर.

"हा आपल्या उसाचा गूळ न्हाय."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका दवाखान्यात असताना, जूनमधेच, दोन्ही ढेपा पाझरल्या होत्या. जन्मभराचं मत खोटं ठरलेलं या अवस्थेत त्यांना दिसू नये, म्हणून काकूंनी बाजारातली कोरडी ढेप आणून ठेवली होती.

"अगं, चुकलो हे जूनमधेच कळलं असतं तर मी फुडं गेलो असतो," काका म्हणाले. "तू मला हितंच थांबवलंस."

मग भेटायला येईल त्याला ते विचारू लागले, लोखंड नव्हं तर मग काय? पावणं म्हणत, आधी बरे व्हा. शेवटी पाळी माझ्यावर आली. काहिलीला चिकटून राहिलेला जुना रस आंबत असेल, असं मी आपलं चाचरत ठोकून दिलं.

काका उठून बसायला धडपडले. "मग करून बघ की. दोन्ही स्टीलमधेच कर. एक घासून, एक न घासता."

गुऱ्हाळ पेटायला अजून दिवाळी यायची होती. हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्याच रात्री ते गेले तेव्हा माझ्या मनगटावरची ती बोटं काकूंना एकेक करून सोडवावी लागली.