छप्पन्न किलोचा चढ

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली. त्यानंतर जे काही लिहिलं ते दुरुस्तीला आलेल्या कूलर-पंपांच्या मोटारींवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर. गिऱ्हाइकाचं नाव, आणि खाली ‘जळाली’ किंवा ‘झाली’. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्द साधे असतील, तेवढं सांभाळून घ्या.

पण आता लिहायलाच पाहिजे. किस्से पोटावरच्या चरबीसारखे असतात. रोज थोडे थोडे जमतात, आपल्याला पत्ता नसतो, आणि एक दिवस बुटाची नाडी बांधायला वाकलं की कळतं, बरेच झाले!

आमचा सायकल ग्रुप सक्करदरा तलावाजवळ पहाटे जमतो. माणसं बरीच आहेत, पण तिघांची ओळख पुरे. गजभिये काका पोस्टातून रिटायर झालेले, ते आमचे कॅप्टन. निमजे भाऊंचे बापजादे विणकर, ते स्वतः शाळेची व्हॅन चालवतात, वजन ब्याण्णव किलो. सरिताताई दवाखान्यात नर्स आहेत. शरीराबद्दल खरं काही माहीत असलेल्या त्या एकट्याच, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही.

आणि मी मंगेश. मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला. मी फार बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. हे किस्से तसेच जमले.

*

निमजे भाऊंनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं की सायकल हलकी असली की चढावर पळते.

झालं! भाऊंनी सायकलचा स्टँड काढला, घंटी काढली, कॅरिअर काढलं, दोन्ही मडगार्ड काढले. ते सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. दोन किलोला थोडंसं कमी भरलं.

भाऊ इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या ग्रुपला तर्री पोहे चारले. स्वतः दोन प्लेट खाल्ल्या, वर समोसा, आणि समोसा कोरडा लागतो म्हणून त्यावर पुन्हा तर्री.

आता स्टँड नाही, म्हणून सायकल ठेल्याला टेकवून ठेवलेली. ठेलेवाल्याने ठेला जरा सरकवला, आणि सायकल हँडलासकट तर्रीच्या पातेल्यात!

भाऊ त्या लाल सायकलकडे पाहतच राहिले. गजभिये काकांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “निमजे, बारीक झाली म्हणून आता तिले पण खाऊ घालून राहिला का गा?”

*

काकांचा एक हिशोब होता. उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, त्यातून शंभर वजा करायचे, उरलं ते वजन. त्यांनी सगळ्यांना तलावाच्या भिंतीला उभं करून खडूने खुणा केल्या आणि शिवणकामाच्या टेपने मोजलं.

सरिताताई म्हणत होत्या की उंचीला एकच एक आकडा नसतो, पट्टा असतो, त्यात बसलं म्हणजे झालं. खडूच्या धुळीत ते कोणी ऐकलं नाही.

निमजे भाऊ भरले एकशे पासष्ट. म्हणजे वजन पाहिजे पासष्ट. भाऊ बराच वेळ भिंतीवरच्या स्वतःच्या खुणेकडे पाहत होते. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे काका, मी जाडा नाहीच,” ते म्हणाले. “ब्याण्णव किलोले एकशे ब्याण्णव उंची पाहिजे. वजन बरोबर आहे माहं. उंचीच कमी पडून राहिली.”

तेव्हापासून भाऊंना कोणी जाडं म्हटलं की ते गंभीरपणे सांगतात की उंचीचं काम सुरू आहे.

*

हिवाळ्यात आम्ही सायकलने नरखेडकडे गेलो होतो. तिथे एका गावात निमजे भाऊंच्या सासऱ्यांची मोसंबीची बाग आहे. शेडमध्ये माल तोलायचा मोठा काटा होता. सायकलवाल्यांना काटा दिसला की राहवत नाही. एकेक जण चढायला लागला.

सासरे खाटेवर बसून पाहत होते. बागेतला माणूस, त्यांनी किलो विचारलेच नाहीत. ते सगळ्यांना क्रेटमध्ये मोजत होते आणि मालासारखी प्रत लावत होते. काकांना पाहून म्हणाले, माल जुना आहे, पण टिकाऊ. सरिताताईंना एक नंबर दिला.

मी चढलो. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, “हा बारका माल. ह्याले ज्यूसवालाही घेत नाही.”

सगळे हसले. मग निमजे भाऊ चढले. स्वतःच्या जावयाला काय प्रत लावणार? म्हातारा काटा पाहून काठी टेकवत उठला आणि घरात जाता जाता म्हणाला, “आमची पोरगी खाऊ-पिऊ घालते, एवढं तं दिसून राहिलं.”

*

आता माझा किस्सा. हा सांगायला मला जरा लाज वाटते, पण ग्रुपमध्ये तो माझ्यासमोरच इतक्यांदा सांगून झाला आहे की आता लपवण्यात अर्थ नाही.

प्रताप नगरला एक मोठा क्लब आहे. त्यांच्या सायकली एका बोटाने उचलता येतात. त्यांचे कोच एकदा रविवारी आमच्यासोबत आले आणि मला चढावर पाहिलं. माझी सायकल लोखंडी, सेकंडहँड. तरी त्यांच्यातले दोघे माझ्या मागे राहिले.

कोच म्हणाले की डोंगरातल्या एका शर्यतीसाठी टीममध्ये एक जागा रिकामी आहे. रामटेकच्या गडावर ट्रायल घेऊ. निवड झाली तर पूर्ण सीझन चालवायला रेसची सायकल मिळेल. मग त्यांनी माझी उंची विचारली, वजन विचारलं. पाच फूट आठ, एकसष्ट किलो.

“छप्पन्न कर,” कोच म्हणाले. “चढावर प्रत्येक किलो पाय ओढतो.”

मला आयुष्यात कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. शाळेत कबड्डीच्या वेळी दोन्ही टीम भरल्या की मी उरायचो, आणि मग मास्तर मला चपला सांभाळायला बसवायचे. मी तिथल्या तिथे ठरवलं, छप्पन्न म्हणजे छप्पन्न.

सरिताताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, तू आधीच बरोबर आहेस. तुझ्या अंगावर उतरवायला काही नाही. आता जे उतरेल ते मांसच उतरेल.”

मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण अर्धं केलं.

*

अडचण आईची होती.

माझी आई सावजी भोजनालयात स्वयंपाक करते. तिच्या हातचं मटण खायला लोक दुसऱ्या गावाहून येतात आणि घाम पुसत पुसत पुन्हा मागतात. तिचा स्वतःचा मुलगा ताटात काकडी घेऊन बसला, तर तिला काय वाटेल? म्हणून मी तिच्यासमोर ताट भरून घ्यायचो, बाहेर ओट्यावर बसून खातो म्हणायचो आणि भाकरी गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला टाकायचो.

माझं वजन उतरायला लागलं. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. काळ्याचं चढायला लागलं. आधी त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. नंतर तो सायकलींमागे धावायचा बंद झाला, आणि शेवटी बसल्या जागीच भुंकायला लागला.

गजभिये काकांनी दोघांना एकदा शेजारी शेजारी पाहिलं. “मंगेश,” ते म्हणाले, “ट्रायलले तू नको जाऊ. ह्याले पाठव. तुही सगळी ताकद ह्याच्याच अंगात आहे.”

आईच्या लक्षात यायला कुत्र्याकडे पाहायची गरज नव्हती. माझी पँट दोरीने बांधलेली होती. एक दिवस ती ओट्यावर आली. काळ्या शेपटी हलवत होता, भाकरी त्याच्या तोंडात होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

दुकानात एक दिवस मी कूलरची मोटार बांधत होतो. तारेचे वेढे मोजता मोजता डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी मोटारीवरच डोकं टेकवलं. शेठ समजले की शॉक लागला. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पूर्ण लाइनीतल्या दुकानांची लाइट गेली!

शेजारचा झेरॉक्सवाला भांडायला आला. शेठ त्याला म्हणाले, माणूस मरून राहिला आणि तुला झेरॉक्सची पडली आहे. तेवढ्यात मी डोकं वर केलं.

शेठनी मला पाहिलं, झेरॉक्सवाल्याला पाहिलं, आणि मला हळूच म्हणाले, “थोडा वेळ पडूनच राह्य.”

*

ट्रायलच्या दिवशी आम्ही ग्रुपवाले निमजे भाऊंच्या व्हॅनमधून रामटेकला गेलो. भाऊ पाणी आणि केळी द्यायला आले होते, सोबत त्यांनी स्वतःची सायकलही टाकली होती. गडाच्या पायथ्याशी कोचनी वजनकाटा ठेवला. मी चढलो. छप्पन्नच्याही थोडं खाली! कोचनी माझी पाठ थोपटली आणि बाकीच्यांना सांगितलं, याला म्हणतात शिस्त.

मला इतका आनंद झाला की भाऊंनी पुढे केलेलं केळं मी घेतलं नाही. म्हटलं, आता कशाला वाढवायचं?

कोच घड्याळ घेऊन वर जाऊन उभे राहिले. आम्ही सुटलो. पहिलं वळण मी सगळ्यांच्या पुढे घेतलं. दुसऱ्या वळणावर पाय माझे राहिले नाहीत. पॅडल मारतो आहे असं वाटत होतं, पण शेजारचं झाड तिथेच होतं. मग मी सायकल आडवी केली आणि रस्त्याच्या कडेला बसलो. प्रताप नगरवाले एकेक करून पुढे गेले. एका माकडाने येऊन माझ्याकडे पाहिलं आणि काही मिळण्यासारखं नाही हे ओळखून तेही गेलं.

थोड्या वेळाने धापा ऐकू आल्या. निमजे भाऊ! पाणी द्यायचं सोडून मागून चढत आले होते. मला पाहून थांबले असते, पण थांबले तर पुन्हा सुटता येणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पॅडल मारता मारता एक केळं माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाले, “मागे बस म्हटलं असतं गा, पण कॅरिअर काढून टाकलं.”

आणि भाऊ आयुष्यात पहिल्यांदा न उतरता गडावर पोचले. वर कोच माझी वाट पाहत होते. समोर आले ब्याण्णव किलो. कोचनी विचारलं, मंगेश कुठे आहे?

भाऊंनी श्वास घेतला, कपाळ पुसलं आणि सांगितलं, “खाली बसला आहे, सर. पण वजन अगदी बरोबर आहे त्याचं.”

निवड दुसऱ्याची झाली.

*

परतीच्या रस्त्यात मी काही बोललो नाही. मी एरवीही बोलत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना ते ऐकू येत होतं. भाऊंनी गडावरूनच आईला फोन केला होता, एवढं मला माहीत होतं. काय सांगितलं ते माहीत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी देवीचं देऊळ आहे. व्हॅन वळली आणि मी पाहिलं, देवळापुढच्या कडुनिंबाला मोठा तराजू टांगलेला, खाली गुळाच्या भेल्यांची रास, आणि अर्धी गल्ली जमलेली. आमच्याकडे नवस फिटला की लेकराला गुळाने तोलतात आणि तो गूळ वाटतात. आई मधोमध उभी होती. अंगावर नवं लुगडं.

ट्रायलचं कळल्यापासून आई दर मंगळवारी देवीला जात होती. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय होतं? आता भाऊंनी फोनवर काय सांगितलं आणि हिने काय ऐकलं, देव जाणे.

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ दुसरीकडे पाहत होते.

आईने हात धरून मला पारड्यात बसवलं. एवढा मोठा मुलगा पारड्यात पाय दुमडून बसलेला पाहून पोरंटोरं खिदळायला लागली. समोर भेल्या चढायला लागल्या. बायका म्हणत होत्या, लय वाळला वं तुहा पोरगा, गूळ कमीच लागते. गजभिये काका वाकून माझ्या कानात म्हणाले, “सांगून टाक गा तिले. नंतर कळलं तं वाईट होईल.”

इतक्या लोकांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण आई एवढी खूश मी किती महिन्यांत पाहिली नव्हती, आणि तीच खुशी मला टोचत होती.

“आई,” मी म्हणालो, “माही निवड नाही झाली.”

आईच्या हातात एक भेली होती. ती तिने समोरच्या पारड्यात ठेवली, काटा पाहिला, आणि माझं पारडं हळूहळू वर उचललं गेलं.

“माहीत आहे मले,” ती म्हणाली. “त्याचाच तं नवस होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या, गुळाचा मोठा खडा कागदात बांधला आणि सायकलने प्रताप नगरला गेलो. कोच फाटकात उभे होते. त्यांनी पुडी उघडली, वास घेतला आणि विचारलं, कशाचा?

मी म्हणालो, “नवसाचा. आईने तुमच्यासाठी पाठवला.”

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.